जुनाट दुखण्यासोबत राहताना: घड्याळ लावून करायच्या गोष्टी

पाय मुरगळला तर काय करायचं हे कोणी शिकवावं लागत नाही. दुखतंय तोवर भार टाकायचा नाही, दुखायचं थांबलं की चालायला लागायचं. नव्या दुखण्यात हा नियम बरोबर चालतो. महिनोन्‌महिने मुक्कामाला आलेल्या दुखण्यात मात्र हाच नियम माणसाला हळूहळू अंथरुणाला खिळवतो, कारण दुखायचं थांबण्याची वाट पाहण्यात स्नायू झडतात, दम कमी होतो आणि दुखणं तिथल्या तिथेच राहतं.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तीत या दुखण्याला स्वतःची जागा मिळाली आहे. एवढ्या काळात बहुतेक जखमा भरून आलेल्या असतात. (संधिवातासारखा आजार आत चालू असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी त्या आजाराचं औषध, मग बाकीचं.) पण सततच्या माऱ्याने मज्जारज्जूतल्या चेतापेशी हळव्या होऊन बसतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं. मग चादरीचा स्पर्शही बोचतो, पाच मिनिटं उभं राहिलं तरी ठणका लागतो. दुखणं खरंच असतं, पण ते नव्या इजेची खूण असतंच असं नाही.

एमआरआयचा अहवाल वाचून घाबरणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांच्या मणक्यांतली चकती फुगलेली होती, ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांची. म्हणजे अहवालातली ‘फुगलेली चकती’ दुखण्याचं कारण असेलही, नसेलही.

पुढे शेक आहे, श्वास आहे, चालणं आहे, गोळ्या आहेत. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: किती वेळ करायचं आणि कधी थांबायचं हे दुखण्याला ठरवू द्यायचं नाही. ते आधीच ठरवायचं आणि घड्याळ लावायचं.

आधी हे तपासा

खालीलपैकी काहीही असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. यातलं काही अंगावर काढू नये.

- कंबरदुखीबरोबर जांघेत, बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं. यात त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला रुग्णालय गाठावं लागतं. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं.
- ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी कर्करोग झालेला असणं, रात्री कोणत्याही कुशीवर न थांबणारं दुखणं.
- पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, विशेषतः हाडं ठिसूळ असतील किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल तर.
- क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यातही कानशिलाला हात लावला की दुखणं आणि चावताना जबडा दुखणं.
- छातीत दुखणं, दम लागणं. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणं.

वही: तीन प्रश्न, आठवड्यातून एकदा

दर तासाला ‘आता किती दुखतंय’ याची नोंद ठेवू नका. लक्ष दिवसभर दुखण्यावर टांगलेलं राहतं आणि ते वाढतं. त्याऐवजी आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि गेल्या सात दिवसांबद्दल ० ते १० मध्ये तीन आकडे लिहा: सरासरी किती दुखलं, दुखण्यामुळे जगण्यातली मजा किती गेली, आणि रोजच्या कामांत किती अडथळा आला. वेदनातज्ज्ञही साधारण हेच तीन प्रश्न विचारतात.

खाली एक ओळ मोकळी सोडा. त्या आठवड्यात जमलेली एखादी ठोस गोष्ट तिथे लिहा. ‘बरं वाटलं’ असं लिहू नका. ‘दोन मजले न थांबता चढलो’, ‘केस विंचरताना हात खाली घ्यावा लागला नाही’ असं लिहा. दुखण्याचा आकडा हलायच्या आधी बहुतेक वेळा ही ओळ हलते.

कोणताही नवा उपाय करून पाहताना दोन पथ्यं पाळा. एका वेळी एकच उपाय सुरू करा आणि त्याला किमान चार आठवडे द्या. एकाच आठवड्यात मालिश, नवी गादी आणि नवी गोळी सुरू केली, तर नंतर कशाने फरक पडला हे कळायला मार्ग उरत नाही. आकडा साधारण ३० टक्क्यांनी किंवा दोन अंकांनी उतरला तर तो खरा फरक समजतात. सहावरून चारवर येणं म्हणजे यश. शून्याची वाट पाहत बसलात तर हे यश हातातून निसटतं.

कामाची मापं: सगळ्यात कठीण आणि सगळ्यात उपयोगाचा भाग

जुनाट दुखणं असलेल्या बहुतेकांचा एक ठरलेला फेरा असतो. सकाळी बरं वाटतं, मग साठलेली सगळी कामं एका दमात उरकली जातात. संध्याकाळी पाठ धरते, पुढचे दोन दिवस आडवं पडून जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा बरं वाटतं आणि पुन्हा तेच. दर फेऱ्यात अंगातली ताकद थोडी कमी होते आणि मनात ‘काम केलं की दुखतं’ ही गाठ घट्ट होते.

फेरा मोडायचा तर कामाचं माप आधी काढावं लागतं. समजा ओट्याशी उभं राहून काम करायचं आहे.

१. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यांत एक चांगला आणि एक वाईट दिवस धरून, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं उभं राहता येतं ते घड्याळावर पाहा. समजा १४, ६ आणि १० मिनिटं आली.

२. सरासरी काढा: १०. तिच्या सत्तर टक्के म्हणजे ७ मिनिटं. हे तुमचं माप.

३. सात मिनिटांचा गजर लावा. वाजला की हातातलं काम जिथे असेल तिथे थांबवा. एकच भांडं घासायचं राहिलं असेल तरी थांबा. पाच मिनिटं खुर्चीत बसा, पुन्हा सात मिनिटं उभे राहा.

४. दोन आठवडे हेच. चांगल्या दिवशीही सातच मिनिटं. वाईट दिवशी जमलं तर सात, नाहीतर साडेतीन, पण शून्य नाही.

५. दोन आठवडे बिनतक्रार गेले की एक मिनिट वाढवा. पुढे दर आठ-दहा दिवसांनी एकेक मिनिट.

हे बिघडतं ते नेहमी एकाच जागी: चौथ्या पायरीवर, चांगल्या दिवशी. ‘आज काहीच दुखत नाहीये, मग कशाला थांबायचं?’ हा प्रश्न हमखास येतो. न दुखता थांबणं हाच इथला खरा व्यायाम आहे. काम आणि दुखणं यांची जोडी मेंदूने पक्की करून ठेवलेली असते. दुखण्याच्या आधी थांबल्याचे शंभरेक अनुभव साठले की ती जोडी सैल होते. सात मिनिटं हास्यास्पद वाटतील. वाटू देत.

दुसरी चूक विश्रांतीत होते. मान दुखणाऱ्याने पाच मिनिटं मान वाकवून मोबाइल पाहिला, तर ती विश्रांती नव्हे. विश्रांती म्हणजे ज्या भागाने काम केलं त्याची स्थिती बदलणं. उभं असाल तर बसा, बसलेले असाल तर उठून चार पावलं टाका.

एक अपवाद मात्र ठळकपणे सांगायला हवा. थोड्याशा श्रमानंतर एक-दोन दिवसांनी सगळं शरीर कोसळल्यासारखं होत असेल, डोकं चालेनासं होत असेल आणि झोपूनही थकवा जात नसेल, तर तो दीर्घ थकव्याचा वेगळा आजार असू शकतो. त्यात मिनिटं ठरलेल्या गतीने वाढवत नेल्याने प्रकृती बिघडते. वाढवण्याची पायरी गाळा आणि आधी निदान करून घ्या.

हालचाल

जुनाट दुखण्यावरच्या सगळ्या उपायांत सर्वांत भक्कम पुरावा हालचालीचा आहे. फायब्रोमायाल्जिया म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा असलेल्या आजारावरच्या युरोपीय तज्ज्ञांच्या २०१७ च्या शिफारशींत ठामपणे सुचवलेला एकमेव उपाय व्यायाम हाच होता. कोणता व्यायाम, यावर लोक उगाच वाद घालतात. जो सहा महिन्यांनीही चालू असेल तो तुमच्यासाठी चांगला.

सुरुवात उठण्यापासून करा. रात्रभर आखडलेल्या पाठीने सरळ उठून बसू नका. आधी गुडघे वाकवा. खांदे आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर या, पाठीला पीळ बसू देऊ नका. पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालचं कोपर व वरच्या हाताचा तळवा दाबून धड उचला. पायांचं वजन खाली जाताना धड आपोआप वर येतं. काठावर एक मिनिट बसा, मग उभे राहा.

चालण्याचं माप वरच्याच पद्धतीने काढा. वेग असा ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. परतीची वाट विसरू नका. दहा मिनिटांचं माप असेल तर पाच मिनिटांनी मागे वळायचं. दहा मिनिटं सरळ पुढे जाऊन तिथे अडकलेले पुष्कळ असतात.

ताकदीसाठी एकच व्यायाम निवडायचा झाला तर खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवा, पावलं नितंबाएवढ्या अंतरावर, किंचित मागे. पुढे झुकून तीन मोजत उठा, तीन मोजत बसा. धपकन बसू नका, खरी मेहनत बसतानाच होते. पाच वेळा, एक दिवसाआड. जड गेलं तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा किंवा हातांचा आधार घ्या. सोपं झालं की आधी हात सोडा, मग उशी काढा, मग आकडा वाढवा.

व्यायामाने दुखणं थोडं वाढलं तर घाबरायचं किती? ठोकताळा असा: दुखणं दहापैकी दोन अंकांपर्यंत वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं, तर माप बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा. व्यायाम बंद करू नका.

श्वास आणि शिथिलीकरण

‘मन शांत ठेवा’ हा सल्ला ऐकून जुनाट दुखणं असलेल्या माणसाला राग येतो, आणि तो रास्त आहे. इथे मनाला काहीच सांगायचं नाही. दुखणाऱ्या भागाभोवतीचे स्नायू कायम आवळलेले असतात, श्वास छातीच्या वरच्या टोकाशी अडकलेला असतो. ही शरीराची अवस्था आहे आणि शरीराच्या बाजूनेच ती सैल करता येते.

दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. एक हात पोटावर, एक छातीवर. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पोटावरचा हात हलावा, छातीवरचा जवळपास स्थिर राहावा. चक्कर आली किंवा ओठांना मुंग्या आल्या तर श्वास फार खोल घेतला जातोय. खोली कमी करा, लय तीच ठेवा.

दुसरी पद्धत एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेली: एकेक स्नायूगट आवळायचा आणि सोडायचा. पावलं, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, चेहरा. प्रत्येक गट पाच सेकंद आवळा, पंधरा सेकंद सोडा. आवळताना पूर्ण जोर लावू नका, अर्धाच पुरे. जो भाग दुखतोय तो आवळायचाच नाही, फक्त सोडायचा. पेटके येणाऱ्यांनी पावलं आणि पोटऱ्या वगळाव्यात.

शरीरभर क्रमाने लक्ष फिरवण्याचं ध्यान तिसरं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जुनाट दुखण्याच्या आणि आजारांच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला, त्याचा हा पाया. पहिल्या आठवड्यात पुष्कळांना दुखणं जास्त जाणवतं, कारण आजवर त्याच्याकडे पाठ फिरवलेली असते. तसं झालं तर लक्ष दुखणाऱ्या जागेऐवजी तळपायांवर किंवा तळहातांवर ठेवा आणि वेळ दहा मिनिटांवर आणा. जुना मानसिक आघात असेल आणि डोळे मिटल्यावर भीती दाटून येत असेल, तर डोळे उघडे ठेवून करा किंवा हे सोडून फक्त श्वासाचं करा. ही तंत्रं दुखणं शांत असताना शिकावी लागतात. ऐन ठणक्यात पहिल्यांदा करून पाहिलं आणि जमलं नाही, म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत.

शेक, बर्फ, टेन्स, मलमं

कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि कळ कमी होते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये याचं कारण मांडलं: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतल्या एका ‘फाटका’शी दुखण्याच्या संदेशांची वाट अडवतात. त्वचेवर पट्ट्या लावून सौम्य वीज सोडणारं टेन्स यंत्र याच कल्पनेतून पुढे आलं. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात आणि लक्षही दुसरीकडे वळतं. या उपायांनी काही बरं होत नाही, पण तासाभराची सवड मिळते. ती सवड हालचालीसाठी खर्च करायची. शेकून पुन्हा आडवं पडलात तर शेक वाया गेला.

शेक आखडलेपणाला आणि स्नायूंच्या दुखण्याला. १५ ते २० मिनिटं, घड्याळ लावून, मध्ये कापडाचे दोन पदर ठेवून. पिशवीत उकळतं पाणी नको. दोन-तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, मग बूच लावा. पिशवी अंगाखाली घेऊ नका, अंगावर ठेवा. शेक घेत झोपून जाण्यामुळे भाजल्याचे प्रकार फार होतात. रोज तासन्‌तास एकाच जागी शेक घेणाऱ्यांच्या त्वचेवर तांबूस-तपकिरी जाळीसारखे डाग उमटतात. ते दिसले तर त्या जागी शेक बंद.

बर्फ ताज्या सुजेला आणि गरम झालेल्या सांध्याला. १० मिनिटं, ओल्या फडक्यात गुंडाळून. थंडीने बोटं पांढरी-निळी पडत असतील तर बर्फ नको. मधुमेहामुळे किंवा इतर कारणाने संवेदना कमी झालेल्या जागी शेकही नको आणि बर्फही नको. खात्री करायची तर डोळे मिटा आणि कोणाला तरी कोमट आणि गार पाण्याचा चमचा तिथे टेकवायला सांगा. कोणता कोमट, कोणता गार हे ओळखता आलं नाही तर उत्तर मिळालं.

टेन्सबद्दल पुरावा उलटसुलट आहे. ब्रिटनमधल्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूळ कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यात ते देऊ नये असं म्हटलं आहे. तरी दुष्परिणाम कमी आणि काहींना स्पष्ट उपयोग होतो, म्हणून दोन-तीन आठवडे पाहायला हरकत नाही. वापरायचं तर नीट वापरा. पट्ट्या दुखणाऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींपासून किमान तीन सेंटिमीटर दूर लावा. वारंवारता ८० ते १०० हर्ट्झ. जोर एवढा वाढवा की मुंग्या ठसठशीत जाणवतील पण बोचणार नाहीत आणि स्नायू उडणार नाही. थोड्या वेळाने जाणीव बोथट होते, तेव्हा जोर किंचित वाढवा. अनेकांना उपयोग होत नाही तो जोर फार कमी ठेवल्याने आणि आडवं पडून वापरल्याने. एरवी जे काम करताना दुखतं ते करतानाच ३० ते ६० मिनिटं लावा. गळ्याच्या पुढच्या बाजूला, छातीवर, फाटलेल्या किंवा बधिर त्वचेवर लावू नये. पेसमेकर असेल तर नाहीच. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. वाहन चालवताना आणि झोपेतही नको.

मलमांत डायक्लोफेनॅकची जेल गुडघ्याच्या आणि हाताच्या बोटांच्या झिजेवर उपयोगी आहे. खोलवरच्या सांध्यापर्यंत, उदाहरणार्थ खुब्यापर्यंत, ती फारशी पोचत नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम रोज तीन-चार वेळा, दोन ते चार आठवडे नेमाने लावलं तरच उपयोगी. अधूनमधून लावलं तर फक्त जळजळ पदरात पडते. लावल्यावर हात साबणाने धुवा, डोळ्यांना बोट लावू नका, आणि त्या जागी लगेच शेक किंवा गरम पाणी घेऊ नका.

झोप

रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, आणि दुखलं की रात्र वाईट जाते. यात सकाळी उठण्याची वेळ तेवढी आपल्या हातात असते. ती पक्की करा, रात्र कशीही गेली तरी. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काही कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. दिवसा अंथरुणावर बसून जेवणं, फोनवर बोलणं, टीव्ही पाहणं बंद, नाहीतर अंथरूण म्हणजे झोप हे समीकरणच तुटतं. कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी, उताणे झोपत असाल तर गुडघ्यांखाली. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकून जाग येणं असेल तर त्याची तपासणी करून घ्या. तो प्रकार चालू असेपर्यंत बाकी कशाचाच पुरता उपयोग होत नाही.

दुसऱ्याच्या हातचे उपाय

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून पाहायच्या उपायांत व्यायाम, सजगता-ध्यान, योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) आणि ॲक्युपंक्चर यांना स्थान दिलं. म्हणजे हे उपाय आता मुख्य वैद्यकाच्या बाहेरचे राहिलेले नाहीत. मात्र सगळ्यांचा परिणाम मध्यम किंवा लहान आहे, आणि ‘मुळापासून बरं करतो’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

ॲक्युपंक्चरमध्ये खऱ्या आणि नकली सुयांच्या परिणामांतला फरक लहान निघतो, तरी काही न करण्यापेक्षा हा उपाय बरा ठरतो. ब्रिटनची २०२१ ची तत्त्वं एकूण पाच तासांपर्यंतचा एकच कोर्स सुचवतात. सुया एकदाच वापरायच्या, सीलबंद पाकिटातल्या असाव्यात. पाच-सहा बैठकांत वहीतला आकडा हलला नाही तर थांबा. मालिशचा आराम दिवस-दोन दिवसांचा असतो. जितकं जोरात तितकं चांगलं हा समज चुकीचा, हळव्या झालेल्या चेतांना जोर सोसत नाही. मानेला झटका देऊन कडकड आवाज काढण्याचा प्रकार मात्र टाळाच. क्वचित का होईना, त्यातून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

योगवर्गात शिक्षकांना आधीच सांगा. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून गोल वाकून पायाला हात लावणं नको. काचबिंदू असेल तर शीर्षासन आणि डोकं खाली राहणारी आसनं नकोत. शेवटच्या टोकापर्यंत ताण न देता सत्तर टक्क्यांवर थांबा. इथेही आधी ठरवलेलं मापच.

जडीबुटीची, ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी औषधंही औषधंच असतात. हळदीतल्या कुरकुमिनच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूलनी यकृताला सूज आल्याचे प्रकार झाले आहेत, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर त्या घेणं धोक्याचं. धातूंची भस्मं असलेल्या काही औषधांत शिसं आणि पारा घातक प्रमाणात सापडले आहेत. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती ट्रॅमाडोल या वेदनाशामकाबरोबर किंवा नैराश्यावरच्या गोळ्यांबरोबर घातक ठरू शकते. जे काही घेत असाल त्याचं पाकीट डॉक्टरांना दाखवा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात

पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. यकृताचा आजार, नियमित मद्यपान किंवा कमी वजन असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ते आधीच मिसळलेलं असतं, तेही मोजा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या जातीच्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. जठरातला व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी स्वतःहून घेऊच नयेत.

डोकेदुखीवाल्यांसाठी एक सापळा आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्या), अफूजन्य किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. म्हणून कॅलेंडरवर गोळीच्या दिवसांना खूण करा.

डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन ही नैराश्यावरही दिली जाणारी औषधं लिहिली तर ‘मला वेडा ठरवलं’ असं वाटून घेऊ नका. मेंदूकडून मज्जारज्जूत खाली येणारे, दुखणं दाबणारे संदेश ही औषधं बळकट करतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ही, चेतातंतूंच्या दुखण्यावरची प्रीगाबालिनसारखी आणि अफूजन्य औषधं एकदम बंद करू नयेत.

दुखणं उचल खाईल तेव्हा

ते उचल खाणारच. म्हणून बऱ्या दिवशी बसून एक कागद तयार करा आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. ऐन दुखण्यात डोकं चालत नाही.

कागदावर वर लिहा: ‘धोक्याची नवी लक्षणं आहेत का?’ आणि सुरुवातीच्या यादीतली तुम्हाला लागू असणारी दोन-तीन. ती नसतील तर पहिले दोन दिवस सगळी मापं अर्धी. सात मिनिटांची साडेतीन, वीस मिनिटांचं चालणं दहा. जागेपणी दर तासाला उठून दोन मिनिटं घरात फिरणं. शेक दिवसातून तीन-चार वेळा, ठरल्या वेळी. श्वासाची पाच मिनिटं दोनाऐवजी चारदा. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी ठरल्या तासाला, दुखणं शिगेला पोचण्याची वाट न पाहता, सांगितलेल्या मर्यादेतच. तिसऱ्या दिवसापासून मापं तीन-चतुर्थांश, आठवड्याच्या आत पूर्ववत. रद्द करता येतील अशी दोन कामं आणि ती ज्याला सोपवायची त्याचं नाव आधीच लिहून ठेवा. घरच्यांना ‘मला बरं नाही’ असं मोघम सांगितलं की ते काळजी करतात आणि दर तासाला ‘कसं वाटतंय’ विचारतात, ज्याने लक्ष पुन्हा दुखण्याकडेच जातं. ‘चादर बदलायला हात लावा, विचारपूस संध्याकाळी एकदाच करा’ असं नेमकं सांगा.

दोन आठवड्यांतही उतार पडला नाही, किंवा दुखण्याची जातच बदलली, तर डॉक्टरांकडे जायचं. जाताना वहीतल्या शेवटच्या चार आठवड्यांचे आकडे आणि सगळ्या औषधांची यादी घ्या, आणि दुखण्यासाठी नेमका शब्द घेऊन जा. ‘फार दुखतं’ म्हणण्यापेक्षा ठणकतं, ठसठसतं, जळजळतं, विजेसारखी चमक निघते, मुंग्या येतात, बधिर होतं, आखडतं यातलं काय होतं ते सांगा. जळजळ, विजेसारखी कळ आणि मुंग्या चेतातंतूंच्या दुखण्याकडे बोट दाखवतात आणि तिथे औषधाची जातच बदलते. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा, हालचालीने कमी होणारा ताठरपणा सांध्यांच्या सुजेकडे. दुखणं कुठून निघून कुठवर जातं ते शब्दांत सांगण्यापेक्षा माणसाची साधी आकृती काढून तिच्यावर पेनने रेघ ओढा, आणि जिथे बधिर वाटतं तिथे फुली मारा.